कुत्रीला कंपनीत नेलं ती दिवाळी

आमच्या घरात कुत्र्याला नाव ठेवायची पद्धत नाही. होडीला नाव असतं, कुत्र्याला नसतं. "यू यू" केलं की ती यायची, तेवढं पुरे व्हायचं. तिचं काम मात्र ठरलेलं होतं. अंगणापलीकडे बांबूंवर बोंबील वाळत घातले की त्यांच्याखाली बसायचं आणि कावळा, मांजर, शेजारची कोंबडी, कोणीही आलं तरी उठायचं. स्वतः एक बोंबील तोंडात घ्यायची नाही, हाताने दिल्याशिवाय. आई म्हणायची, "एवडी सचोटी या घरातल्या मानसांत पन नाय." हे ती माझ्या भावाकडे बघून म्हणायची.

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. आहे, पहिल्या वर्गात. हे आधीच सांगते, कारण आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि पुढे जे झालं त्याचा याच्याशी संबंध आहे. चिंचणीच्या बाजूचं आमचं गाव. तिथून बोईसरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी स्कूटरने जाते. गावात कोणाच्या औषधाच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचायचं असलं, अर्ज लिहायचा असला, की लोक आमच्या ओटीवर येतात आणि बाबांना विचारतात, "बाय हाय का घरात?" मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

हे झालं त्याच्या आदल्या दिवाळीत कुत्री पळाली होती. गल्लीच्या तोंडाशी पोरांनी डबड्याखाली सुतळी बॉम्ब लावला, आणि ती जी किनाऱ्याने सुटली ती तिसऱ्या दिवशी बाबांना खाडीपलीकडे सापडली. पंजाची कातडी निघालेली, अंगावर चिखल वाळलेला. त्यानंतर कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली जायची. पुन्हा दिवाळी जवळ आली तेव्हा घरात तिच्यावरच बोलणं सुरू झालं.

बाबा म्हणाले, "मी हिला होडीवर घेऊन जातो. खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून बसू दोगं. आवाज येनार नाय."

"अमावास्येचं उधाण असतं बाबा, लक्ष्मीपूजनाला," मी म्हटलं. "आणि तुमी सणाच्या दिवशी होडीत बसणार? आये काय म्हणेल?"

"आयेला काय, तिला बरंच हाय," आई आतून म्हणाली.

मी म्हटलं, माझ्याकडे याहून चांगली जागा आहे.

आमची कंपनी दिवाळीत चार दिवस बंद असते. कामगार आपापल्या गावी जातात, भट्टीसारखा धडधडणारा तो सगळा भाग अगदी गप्प होतो. लॅबमधल्या काही नमुन्यांची तापमानं मात्र रोज लिहावी लागतात, म्हणून एकाने दिवसा येऊन जायचं असतं. त्या वर्षी ती ड्युटी मी मागून घेतली. आणि चिलिंग प्लांटची, म्हणजे गार पाणी फिरवणाऱ्या मशिनची, खोली माझ्या डोक्यात होती. जाड भिंती, जाड दार, खिडकी नाही. प्लांट चालू असताना तिथे उभं राहून बोललेलं ऐकू येत नाही. बंद असताना बाहेरचं काही ऐकू येत नाही. मॅनेजरसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, ठेवा, पण घाण केली तर तुम्ही साफ करायची.

भावाला हे कळल्यावर दोन दिवस त्याला दुसरा विषय नव्हता. "काय गो, कुत्रीला पन कंपनीत लावलीस? परमनंट का काँट्रॅक्टवर?"

"तुझ्याआधी परमनंट होईल," मी म्हटलं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी मी तिला स्कूटरवर माझ्या पायाशी बसवून नेलं. तोंड वाऱ्यावर धरून शहाण्यासारखी बसली होती. गेटवर वॉचमन उठून उभा राहिला. "मॅडम, इसका गेट पास?" म्हणाला, आणि रजिस्टर खरंच पुढे केलं. मी त्यात 'पाहुणी १' लिहिलं. आम्ही दोघं हसलो.

खोली मी तपासली. उघडी वायर नाही ना, काच नाही ना, पंखा चालतो का, दार बाहेरून नीट लागतं का. कोपऱ्यात गोणपाट घातलं, स्टीलच्या वाडग्यात पाणी ठेवलं, आईने दिलेली भाकरी आणि दोन बोंबील ठेवले. पाऊण तास तिच्याजवळ बसले. बाहेर कॉलनीकडून फटाके सुरू झालेले, दार लावलं की काहीच नाही. तिने कान टवकारले, मग सोडून दिले. मला फार बरं वाटलं. संध्याकाळी निघताना वॉचमनला सांगितलं की जेवायच्या वेळी तिला एकदा बाहेर काढ, परत आत घाल. घरी जाऊन दिवे लावले, आणि बाबांना म्हटलं, "बघा, नायतर बसला असता होडीत हेलकावे खात."

पाडव्याच्या सकाळी आठला मी गेले तेव्हा वॉचमन खोलीच्या दाराशी उभा होता. "मॅडम, ये तो पी के टाइट है."

ती उभी होती, पण मागचे पाय तिच्या ताब्यात नव्हते. माझ्याकडे यायला निघाली आणि एका बाजूला भिंतीला जाऊन लागली. पुन्हा निघाली, पुन्हा लागली. शेपटी हलत होती. एका जागी ओकली होती. आणि मुतली इतकी होती की अर्धी खोली ओली. वाडग्यातलं पाणी मी ठेवलं होतं तेवढंच होतं.

पाणी प्यायली नाही, मग एवढी मुतली कशी? हा प्रश्न बारावीच्या मुलीलाही पडला असता. मला पडला नाही. मी वॉचमनकडे संशयाने बघितलं, कारण पाडव्याच्या सकाळी त्याच्याही तोंडाला वास येत होता. तो कानाला हात लावून म्हणाला, "भगवान कसम मॅडम, मैंने नहीं पिलाया." मग मी ठरवलं की बंद खोलीत घाबरली असेल, रात्रभर गोल गोल फिरली असेल, चक्कर आली असेल. फडक्याने खोली पुसली. वाकून, गुडघ्यावर बसून पुसली, पण ओलं होतं तेवढंच पुसलं. मशिनच्या मागे गेले नाही.

स्कूटरवर ती बसेना म्हणून रिक्षा केली. ओटीवर तिला सोडलं तशी ती चार पावलं गेली, तुळशीच्या कठड्याला धडकली आणि बसली. बाबा पोट धरून हसले. आम्हाला ताडी नवीन नाही. प्यायलेला माणूस कसा चालतो ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

"सनाची पिऊन आली गो! कंपनीत पार्टी होती काय?"

"पगारवाडीची," भाऊ म्हणाला.

शेजारच्या काकी बघायला आल्या, त्यांच्या सुना आल्या. मीही हसले. ती घटाघटा पाणी पीत होती, सगळे आणखी हसत होते. दुपारी गोणपाटावर आडवी झाली, संध्याकाळपर्यंत झोपली. त्या संध्याकाळी गल्लीत फटाके फुटले आणि तिने मानही उचलली नाही. आई म्हणाली, "बरी हाय मग. भीती गेली तिची."

भाऊबिजेच्या सकाळी ती उठली आणि चालत, सरळ चालत, बांबूंखाली जाऊन बसली. मी भावाला ओवाळलं तेव्हा तिथूनच बघत होती. करंजीचा तुकडा टाकला तर तो खाल्ला. सगळं झालं असं वाटून मी दहाला कंपनीत तापमानं लिहायला गेले. लिहून झाल्यावर गोणपाट आणायचं राहिलं होतं म्हणून चिलिंग प्लांटच्या खोलीत गेले, आणि या वेळी दिवा लावून मशिनच्या मागे बघितलं.

तिथे जमिनीवर पत्र्याचा ट्रे होता. वरच्या पाइपाच्या जोडाला एक थेंब लोंबत होता. ट्रेच्या काठावर तिचे पिवळे केस चिकटले होते.

आमचा फिटर बिहारला त्याच्या गावी गेला होता. फोन लागायला वेळ लागला. मागे बायकामुलांचा गलका होता. मी विचारलं, चिलर के पीछे ट्रे किसने रखा?

"मैंने ही रखा मॅडम. व्हॉल्व्ह बदली करना था, तो लाइन खोला. जो बचा था वो टपकता है ना, इसलिए रखा. आके उठा लूँगा."

"भरा हुआ था?"

"मैं निकला तब भरने को आया था मॅडम. क्यों, गिर गया क्या?"

ट्रे अर्ध्याहून जास्त रिकामा होता. जमीन कोरडी होती.

चिलिंग प्लांटच्या पाइपातून पाणी आणि ग्लायकॉल फिरतं. ग्लायकॉलमुळे ते गोठत नाही. दिसायला पाणीच. चवीला गोड. विष आहे. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, दर आठवड्याला त्याचा नमुना मीच तपासते. त्या खोलीच्या भिंतीवर सूचनेचा कागद आहे, तो इंग्रजीत होता. कामगारांना कळावा म्हणून मी तो हट्टाने मराठीत आणि हिंदीत करून घेतला, स्वतः लिहिला. 'हे द्रव पाण्यासारखे दिसते. चव गोड असते. पिऊ नये.' त्या कागदाखालीच मी तिचं गोणपाट अंथरलं होतं.

मला सगळं येत होतं, तोच त्रास होता. पोटात गेलं की आधी नशा चढते. मग ती उतरते आणि जनावर बरं झाल्यासारखं दिसतं. तेवढ्या वेळात यकृत त्याचं आम्ल करत असतं, आणि त्यातून ऑक्झॅलेटचे खडे होऊन मूत्रपिंडात बसतात. पहिल्या वर्षाला ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन माझं वर्गात सर्वांत चोख यायचं. फिका गुलाबी रंग आला की थांबायचं. सर माझा फ्लास्क वर धरून वर्गाला दाखवायचे.

घरी फोन केला. भाऊ म्हणाला, "काय येडी झालीस? आता माझ्या हातून चपाती खाल्ली. चांगली उड्या मारते." मागून आई म्हणाली, "तिला सांग घरी ये, आज सनाचा दिवस हाय, काय डोक्यात घेऊन बसली."

जनावरांचा सरकारी दवाखाना बंद. बोईसरमध्ये एक खासगी होता, त्याचं शटर खाली. पालघरच्या डॉक्टरांचा नंबर होता, ते भाऊबिजेला मासवणला बहिणीकडे गेले होते. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "किती तास झाले?"

मी हिशेब केला होता. "छत्तीसच्या पुढे असतील."

त्यांनी बहिणीच्या घराचा पत्ता सांगितला. मग म्हणाले, "घेऊन या इकडे."

घरी जाऊन कुत्रीला रिक्षात घातलं तेव्हा ती खरंच बरी दिसत होती. बाबा बरोबर आले, मला सांभाळायला म्हणून. रिक्षावाल्याला म्हणाले, "पोरीने फार वाचलंय, म्हनून भीती." बोईसर सोडून मासवणच्या रस्त्याला लागलो आणि ती माझ्या मांडीवर ओकली. करंजीचा तुकडा तसाच बाहेर आला. बाबांनी रिक्षावाल्याला जोरात घ्यायला सांगितलं.

डॉक्टरांच्या कपाळावर ओवाळताना लावलेलं कुंकू होतं, त्यावर तांदूळ चिकटलेले. बहिणीच्या ओटीवर, रांगोळी चुकवून, आम्ही कुत्रीला ठेवलं. त्यांनी गाडीतून बॅग आणली. पोट दाबलं, कमरेजवळ दाबलं तशी ती पहिल्यांदा विव्हळली. कपडे वाळत घालायच्या तारेला सलाइनची बाटली अडकवली.

"यावर उतारा असतो," ते म्हणाले. "पण पहिल्या काही तासांत. दारूच असते ती, शुद्ध अल्कोहोल. शिरेतून, मोजून देतात. यकृत तिच्या मागे लागतं आणि विष तसंच बाहेर जातं. आता त्याचा उपयोग नाही, जे व्हायचं ते होऊन गेलं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "दारू?"

"हो."

"म्हंजे काल सकाली…" ते म्हणाले. आदल्या सकाळी आम्ही अख्खी गल्ली तिच्याभोवती उभं राहून दारूवरूनच हसत होतो. डॉक्टरांना वाटलं बाबा काहीतरी वेगळं विचारतायत. "नाही काका, घरी पाजायची नाही," ते म्हणाले, "त्याने ती आणखी लवकर जाते."

मग ते मला म्हणाले, "लघवी होते का ते बघत राहा. झाली तर आशा आहे. नाही झाली तर मला फोन करा." आतून त्यांच्या बहिणीने हाक मारली की जेवण गार होतंय. त्यांनी ऐकलं नाही, बाटली संपेपर्यंत बसून राहिले.

त्यानंतरचे दोन दिवस घरात दुसरं काही झालं नाही. सकाळ झाली की आई विचारायची, "मुतली काय?" भाऊ बाहेरून आला की चप्पल काढायच्या आधी विचारायचा, "मुतली?" काकी कुंपणावरून विचारायच्या. मी सुट्टी टाकली. दर तासाला तिला धरून अंगणात न्यायची, ज्या ज्या जागी ती जायची त्या सगळ्या जागी उभी करायची. बोरीखाली, होडीच्या जुन्या फळ्यांशी, शेजारच्यांच्या भिंतीशी. ती वास घ्यायची, पाय वाकवायची, आणि काही नाही. माझ्याकडे बघायची, जणू तीच चुकतेय. तोंडाला वेगळाच वास यायला लागला होता. लॅबमध्ये असा वास आला असता तर मी वहीत लिहिला असता.

आईने तिला धण्याचं पाणी चमच्याने पाजलं. लहानपणी आम्हाला लघवी अडली की पाजायची तसं. मी म्हटलं, "आये, त्याने काय होनार नाय." माझं बोलणं असं कधी कधी घरात गावचं होतं. आई म्हणाली, "तुज्याने काय झालं ते सांग." तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं की मी काय केलं म्हणजे होईल. तो चमचा मग मीच धरला.

भावाने एकदाच विचारलं, बाहेर, आई नसताना. "तुला म्हाईत होतं ना, तिथे ते अस्तं?"

"होतं."

"मग?"

"विसरले नाय. डोक्यातच आलं नाय. मी आवाजाचंच बघत होते." तो बोंबलांच्या बांबूंकडे जाऊन बसला, हातात काठी घेऊन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मुंबईला यंत्रावर रक्त गाळतात, कुत्र्यांचंही. पण एवढ्या उशिरा आणि तिच्या या अवस्थेत रस्त्यातच जाईल. मग म्हणाले, दुसरं एक करता येतं. ते मला समजलं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तिला त्रास होतो काय?" मी हो म्हटलं. "मग कर." आईला काय सांगायचं ते आमच्या दोघांत ठरलं नाही. सकाळी मी तिला एवढंच म्हणाले की डॉक्टर येतायत, दुखायचं थांबावं म्हणून झोपेचं इंजेक्शन देतील. ते खोटं नव्हतं.

डॉक्टर पालघरहून दुपारी आले. कुत्री ओटीवर गोणपाटावर होती. मान उचलवत नव्हती तिला, पण अनोळखी माणूस अंगणात आला म्हणून घशात गुरगुरली. डॉक्टर म्हणाले, "शाबास." पुढच्या पायावरचे थोडे केस त्यांनी कापले. मी पाय धरला. आई डोक्याशी बसून तिच्या कपाळावर बोट फिरवत होती. बाबा पायऱ्यांवर आमच्याकडे पाठ करून बसले होते.

तिचा श्वास लांब झाला, मग आणखी लांब. माझ्या हातातला पाय सैल पडला. आणि तिच्या मागच्या बाजूला गोणपाटावर एक ओला डाग दिसायला लागला. लहानसा, वाटीएवढा.

आईने हात लावून बघितलं.

"अगो, मुतली!" ती ओरडली. "बाय, बघ, मुतली ती! आवो, मुतली ना!" बाबा उठून वळले. आईचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा उघडला होता. ओली बोटं तिने मला दाखवायला माझ्यापुढे धरली होती.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि बॅगेची चेन लावायला खाली वाकले. अंगातली पकड सुटली की असं होतं, मेल्यावर होतं, हे मला माहीत होतं.

"हो आये," मी म्हटलं. "मुतली."